आरस्पॅमडी वापरून वर्ष झालं, माझा अनुभव

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. आरस्पॅमडी म्हणजे येणारे मेल तपासून स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर. आधी याच कामासाठी माझ्याकडे स्पॅमअसॅसिन होतं, २००१ पासूनचं, पर्ल भाषेतलं, भरवशाचं सॉफ्टवेअर, संशयाचे ५ मार्क झाले की मेल स्पॅम. त्याच्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण आरस्पॅमडी सी भाषेत लिहिलेलं आहे, छोट्या सर्व्हरवरही भराभर चालतं आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का याच्या तपासण्या), ब्लॅकलिस्ट (बदनाम पत्त्यांच्या याद्या), ग्रेलिस्टिंग (मेलला थोडा वेळ थांबवणं) सगळं एकाच ठिकाणी मिळतं, म्हणून बदललं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच्या वेब पानावरचा हिस्टरीचा टॅब. प्रत्येक मेलला किती मार्क पडले आणि कशाकशाचे पडले ते समोर दिसतं. परवाचंच सांगतो, बँकेच्या नावाने एक मेल आलेला, विषयात "तुमचं खातं आज बंद होणार". हिस्टरीत त्याची नोंद उघडून बघितली तर एसपीएफ फेल, डीमार्क फेल, आतल्या लिंकचं डोमेन ब्लॅकलिस्टवर आणि बेझने (शिकवलेल्या मेलवरून स्पॅमचा अंदाज बांधणारा भाग) वरून ५ घातलेले, एकूण १७ च्या पुढे. मूळ सेटिंगमध्ये ४ ला ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमचा शिक्का आणि १५ ला रिजेक्ट असतं, त्यामुळे हा दारातूनच परत गेला. का गेला हे कळतं ना, तेच मला हवं होतं.

ग्रेलिस्टिंगची मला आधी भीतीच वाटायची. जुन्या पद्धतीत प्रत्येक अनोळखी सर्व्हरला "थोड्या वेळाने या" म्हणून परत पाठवायचे, खरा सर्व्हर परत येतो, स्पॅम मारणारे बरेच जण येत नाहीत. कल्पना छान आहे पण त्यात ओटीपी अडकतो, आणि तो येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. इथे फक्त ४ च्या वर गेलेल्या संशयित मेललाच थांबवतात, तेही ५ मिनिटं, बाकीचे सरळ आत. वर्षभरात माझा एकही ओटीपी अडकला नाही.

बेझकडे मात्र मन लावून बघावं लागतं. २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ते काही बोलतच नाही, आणि लोक नुसते स्पॅमच शिकवत बसतात. चांगले मेल तितकेच शिकवा हो, प्लीज. एका मित्राचा दोन ओळी आणि एक लिंक एवढाच मेल ६.८ मार्क घेऊन स्पॅममध्ये जाऊन पडला होता, मी चार दिवसांनी बघितला, फार वाईट वाटलं. डव्हकॉटमध्ये (मेलबॉक्स सांभाळणारा सर्व्हर) सिव्ह (मेलवर चालणारे नियम) लावून ठेवलंय, स्पॅम फोल्डरमधून मेल बाहेर ओढला की तो चांगला म्हणून आपोआप शिकवला जातो. त्या मित्राचा पुढचा मेल सरळ इनबॉक्समध्ये आला.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. मूळ कॉन्फिगला हात लावू नका, आपले बदल वेगळ्या लोकल फोल्डरमध्येच करा, नाहीतर अपडेट करताना गोंधळ होतो. आणि डीएनएस रिझॉल्व्हर (डोमेनची माहिती विचारून आणणारा प्रोग्राम) स्वतःचा ठेवा, अनबाउंड वगैरे, कारण मोठ्या पब्लिक डीएनएसवरून विचारलं तर स्पॅमहाऊस (ब्लॅकलिस्ट चालवणारी संस्था) नीट उत्तर देत नाही आणि तुम्हाला वाटतं ब्लॅकलिस्ट चालू आहे, चालू काहीच नसतं. रेडिसही (माहिती साठवणारा डेटाबेस) लागतं, ते आधीच टाकून घ्या.

एका ठिकाणी मात्र याचंही फारसं चालत नाही. ओळखीच्या माणसाचं खरं खातंच कुणी हॅक केलं आणि तिथून पैसे मागितले तर एसपीएफ पास, डीकेआयएम पास, सगळंच पास. गेल्या महिन्यात असा एक मेल १.२ मार्क घेऊन आला, हिस्टरीत शोधूनही संशय घ्यावा असं काही सापडलं नाही. मी त्या माणसाला फोन केला तेव्हा त्याला कळलं की खातं गेलंय.