ठमीच्या गुडघ्याचा पट्टा: सात महिने वापरल्यानंतर

परवा पट्ट्याची शिवण दुसऱ्यांदा उसवली आणि विकणाऱ्याने 'तीस दिवसांची मुदत संपली आहे' एवढंच उत्तर पाठवलं, म्हणून लिहायला बसले. मागच्या एका पायाला घालायचा, कमरेवरून पट्टी जाणारा निओप्रीनचा पट्टा, १,४४९ रुपये. घरात छोटं कुत्रं असेल आणि ते लंगडत असेल तर ही जाहिरात तुम्ही पाहिलीच असणार. पट्ट्याचं सांगतेच. पण तो घ्यायच्या आधी जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, ते मला जास्त सलतंय.

ठमी चार वर्षांची. पॉमेरियन म्हणून आणली, पण आपल्याकडे त्या नावाने मिळणारी बरीचशी कुत्री असतात तशी तीही इंडियन स्पिट्झच. अस्सल पॉमेरियन साधारण दोन-तीन किलोचा असतो, ठमी तेव्हा ७.८ किलोची होती. गणपतीच्या दिवसांत लक्षात आलं की चालता चालता ती मागचा उजवा पाय उचलते, तीन-चार पावलं लंगडी घालते, मग पाय मागे झटकते आणि काही झालंच नाही अशी पळत सुटते. ओरडणं नाही, सूज नाही, जेवण नेहमीसारखं.

पहिल्या दवाखान्यात 'मुरगळला असेल' म्हणून दुखण्याचं इंजेक्शन आणि कॅल्शियमचं औषध मिळालं. दुसरीकडे गोचीड तापाची रक्ततपासणी झाली, ती चांगली आली, प्लेटलेटही ठीक. तिसऱ्या ठिकाणी खुब्याचे दोन एक्स-रे काढले, तेही नॉर्मल. सगळं मिळून ४,९०० रुपये गेले आणि आजाराचं नाव काही कळलं नाही. तिन्ही ठिकाणी टेबलावर ठेवली की ठमी अंग आखडून बसायची, खाली सोडली की भीतीने सरळ चालायची. तिची लंगडी तिथे कोणी पाहिलीच नाही, आणि मोबाईलवर दाखवायला साधं चित्रीकरण करून न्यावं हे मला सुचलं नाही. त्याच काळात शेजारून 'माणसाची दुखण्याची अर्धी गोळी द्या' असाही सल्ला आला. कृपा करून देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतात. आणि दवाखाना बदललात तर आधीच्या ठिकाणी काय दिलं ते नव्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. दुखण्याचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र पोटात जाणं धोक्याचं असतं.

दिवाळीत पट्टा मागवला. मापाच्या कागदावर 'गुडघ्याचा घेर' असं लिहिलेलं, आणि बाण मात्र मागच्या पायाच्या त्या उलट्या वाकलेल्या सांध्याला. तो गुडघा नव्हेच, तो घोटा. कुत्र्याचा गुडघा वर, पोटाच्या जवळ असतो, केसांत दडलेला. गुडघ्याची वस्तू विकणाऱ्याला गुडघा कुठे असतो हे माहीत नसावं, याचा मला अजून राग येतो. बदलून मागवण्यात बारा दिवस गेले.

मग ते चिकटपट्ट्यांचं. एकूण पाच व्हेल्क्रो. स्पिट्झचे केस लांब आणि मऊ, ते त्या काट्यांत असे गुंततात की प्रत्येक वेळी पट्टा सोडताना चिमूटभर केस उपटून निघतात. ठमी पट्टा पाहिला की दिवाणाखाली जायची. दोन आठवड्यांत काटे केसांनी भरले, पकड गेली आणि पट्टा खाली घसरायला लागला. मी रोज रात्री जुन्या टूथब्रशने आणि सुईने ते काटे साफ करत बसायचे, वीस-वीस मिनिटं. घट्ट बांधला तर मांडीच्या आतल्या बाजूला कातडी सोलायची, सैल बांधला तर अर्ध्या तासात घोट्यावर. विकणाऱ्याने फक्त या व्हेल्क्रोच्या जागी बकल दिली असती तर माझे निम्मे हाल वाचले असते.

तरीही डिसेंबर-जानेवारीत मी या पट्ट्याला पाचपैकी चार दिले असते, कारण ठमी खरंच कमी लंगडत होती. दोघी-तिघींना मी तो घ्यायलाही सांगितला. त्यांची इथे मनापासून माफी मागते.

फेब्रुवारीत शिवण पहिल्यांदा उसवली आणि पट्टा तीन आठवडे शिंप्याकडे पडून राहिला. ठमी पट्ट्याशिवायही तशीच चांगली चालली. मला वाटलं, बरी झाली. मार्चमध्ये ऊन वाढलं आणि ती पुन्हा लंगडी घालायला लागली, तेही पट्टा घातलेला असताना. याचा अर्थ मला लागेना.

तो लागला एप्रिलमध्ये, कोरेगाव तालुक्यात आमच्या गावी, जत्रेला गेलो तेव्हा. दिरांचा एक बैल मागचा पाय ताठ ओढत चालत होता, त्याला बघायला पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर आले होते. बैलाच्या गुडघ्याची वाटी वर जाऊन अडकते, मग पाय वाकत नाही. वाटीचा आतला बंध कापून ती मोकळी करतात, जनावर उभं असतानाच. ते काम उरकून हात धूत असताना त्यांनी ठमीला अंगणात लंगडी घालताना पाहिलं. म्हणाले, "वहिनी, हिला जरा आडवी धरा." पाय सरळ केला, पंजा आत वळवला आणि अंगठ्याने वाटी आतल्या बाजूला ढकलली. टक् करून सरकली. पाय पुन्हा सरळ करून पंजा बाहेर वळवला, परत जागेवर. मग माझा अंगठा तिथे ठेवून मलाही ते जाणवून दिलं. दोन मिनिटं लागली असतील. मला रडूच आलं. सात महिने जे शोधत होते ते माझ्या अंगठ्याखाली हलत होतं.

"बैलात वर जाते, ह्या छोट्यांच्यात आत सरकते," ते म्हणाले. "पण माझं काम मोठ्या जनावरांचं. पुण्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करा." आणि मग विचारलं, "घरात फरशी कसली?"

गुळगुळीत टाइल्स. थंडीत आम्ही हॉलभर सतरंज्या अंथरल्या होत्या, मार्चमध्ये त्या धुऊन माळ्यावर टाकल्या. गुण सतरंज्यांचा होता आणि मी तो पट्ट्याच्या नावावर टाकला होता.

पुण्याच्या डॉक्टरांनीही हातानेच तपासलं. या सरकण्याच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत वाटी ढकलली तरच सरकते आणि सोडली की परत येते. दुसरीत आपोआप सरकते आणि पाय झटकला की बसते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवता येते, पण पुन्हा निसटते. चौथीत बसवताच येत नाही. ठमीचा उजवा गुडघा दुसऱ्या पायरीवर, डावा पहिल्या. पाय मागे झटकणं हे तिचं स्वतःचं स्वतः वाटी बसवणं होतं. एक्स-रेच्या वेळी वाटी जागेवर असेल तर चित्र नॉर्मलच दिसतं, आणि आमचा तर खुब्याचाच काढला होता. त्यांनी नडगीचं हाड पुढे ओढूनही पाहिलं, कारण अशा गुडघ्यात पुढेमागे आतला क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना धरून ठेवणारा बंध, तुटू शकतो. तो शाबूत आहे. तो तुटला किंवा तिसरी पायरी आली तर शस्त्रक्रिया: वाटीची खोबण खोल करायची, नडगीचा उंचवटा सरकवून बसवायचा, मग सहा ते आठ आठवडे सक्तीची विश्रांती. सध्या नको म्हणाले.

पट्टा दाखवला तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की बाहेरून बांधलेलं कापड वाटीला खोबणीत धरून ठेवू शकत नाही. पहिल्या तिघांवरचा राग मात्र आता थोडा उतरलाय. आमच्याकडे गोचिडी खूप, त्या तापात सांधे खरंच दुखतात. छोट्या जातींत खुब्याच्या हाडाचा गोळा झिजण्याचा आजारही असतो, पण तो बहुधा वर्षाच्या आतल्या पिल्लांना होतो आणि ठमी चार वर्षांची. तपासण्या उगाच नव्हत्या. पण त्यांच्याआधी गुडघ्याला हात लावायला काही पैसे पडत नाहीत. आता कुठल्याही दवाखान्यात मी आधी म्हणते, "डॉक्टर, वाटी सरकते का ते चाचपून बघाल?"

आता सतरंज्या बाराही महिने खालीच, त्याखाली न सरकणारी रबरी जाळी, ६४० रुपयांची. पंजाच्या गाद्यांमधले केस दर पंधरा दिवसांनी कापते, त्यांच्यामुळेही ती घसरायची. बिस्किटं बंद, वजन ६.९ किलोवर आलंय. दिवाणावरून उडी मारू देत नाही, त्याला लागून एक बसकी पेटी ठेवलीय. लंगडी दिसली की कॅलेंडरवर खूण करते. एप्रिलमध्ये एकोणीस खुणा होत्या, मेमध्ये सहा, जूनमध्ये आजपर्यंत एक, आणि तीही माझी धाकटी लेक सतरंजी उन्हात टाकून विसरली त्या दिवशीची.