विश्रामबागेतील इंग्रजी वर्ग: 'डू'ची नीट ओळख
सांगलीत विश्रामबागेतील एका इंग्रजी संभाषणवर्गात दोन महिने शिकल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. 'जेवलास का?' या प्रश्नाला मराठीत आपण 'जेवलो' असे मूळ क्रियापदच पुन्हा उच्चारतो. इंग्रजीत मात्र 'हॅव यू ईटन?' असे विचारल्यावर 'येस, आय हॅव' एवढेच पुरते, आणि वाक्यात साहाय्यक क्रियापद मुळातच नसेल, तर 'शी सिंग्ज बेटर दॅन आय डू' यातल्याप्रमाणे 'डू' पुढे येऊन गाण्याचे काम अंगावर घेते, हे सरांनी फार सुरेख उलगडून दाखवले. (गाणे मला दोन्ही भाषांत जमत नाही, हा भाग वेगळा.) 'सो डू आय'मधील उलटा क्रमही पक्का झाला. वाक्याअखेरच्या 'इझन्ट इट?'सारख्या प्रश्नांचा भाग मात्र एकाच तासात उरकला. शुल्क पाहता ही घाई खटकली.