पेसरी आणि टाका, दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितेय

गरोदरपणात गर्भपिशवीचं तोंड आखूड झालं की दिवस भरायच्या आत डिलिव्हरी व्हायची भीती असते. ती टाळायला त्या तोंडाभोवती बसवतात ती सिलिकॉनची पेसरी, आणि तोंड बांधून ठेवायला घालतात तो टाका. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. टाक्याला साडेचार स्टार, पलंगाखालच्या विटांना शून्य, आणि सिलिकॉनच्या पेसरीला किती द्यायचे ते इतकी वर्षं झाली तरी माझं ठरत नाहीये. निवांत असाल तर पुढे वाचा.

२०२२, वटपौर्णिमेचा आठवडा, मला विसावा आठवडा चालू, पहिलंच बाळंतपण, ॲनॉमली स्कॅनला (बाळाचे अवयव नीट आहेत ना बघायची सोनोग्राफी) गेले. पोटावरून सोनोग्राफी झाली, पिशवीच्या तोंडाची लांबी ३१ एमएम, सगळं छान, चला घरी. पण आमच्या मॅडम जरा खडूस आहेत (चांगल्या अर्थाने), म्हणाल्या लघवी भरलेली असताना पोटावरून बघितलं की तोंड उगाच लांब दिसतं, आधी लघवीला जाऊन ये आणि आतून, योनीमार्गातून, करून घे. आतून केली तर १७. पंधरा मिनिटांत १४ एमएम गायब! या दिवसांत साधारण ३५-४० च्या आसपास असते आणि २५ च्या खाली गेली की आखूड धरतात हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. ना पोटात दुखत होतं, ना अंगावरून जात होतं, काही म्हणजे काहीच नाही, आदल्या दिवशी तर मी वडाला सात फेऱ्या मारून आले होते.

मग रोज रात्री २०० एमजी प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल आत ठेवायची, हे फिक्स. आणि पेसरी? मॅडम म्हणाल्या काही डॉक्टर बसवतात, काही नाही बसवत, अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत, तुम्ही दोघं विचार करून सांगा. आता सांगा, तूरडाळ कुठली घ्यायची ते ठरवायला मला अर्धा तास लागतो आणि हे मी ठरवायचं!

तर त्या रात्री नवरा लॅपटॉप घेऊन बसला. ही घुमटासारखी पेसरी मूळची जर्मनीची, हान्स अराबिन यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी बनवली, म्हणून तिला अराबिन पेसरी म्हणतात. पिशवीच्या तोंडाभोवती बसते आणि ते तोंड मागे, माकडहाडाच्या दिशेला वळवते, म्हणजे बाळाचं आणि पाण्याचं वजन सरळ तोंडावर न येता पुढच्या बाजूला पडतं. ऐकायला एकदम पटतं ना, आम्हालाही पटलं. त्यात २०१२ चा स्पेनचा अभ्यास सापडला, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला, ३८५ बायका, २५ एमएम किंवा कमी लांबीच्या. पेसरीवाल्यांत ३४ आठवड्यांच्या आत आपोआप डिलिव्हरी झाली ६ टक्के जणींची आणि बिनपेसरीच्या २७ टक्के. सहा आणि सत्तावीस! नवरा म्हणाला संपला विषय, मागव. मग मी खाली स्क्रोल केलं तर २०१६ चा मोठा अभ्यास, नऊशेच्या वर बायका, त्यात पेसरीवाल्या १२ टक्के आणि बिनपेसरीच्या १०.८ टक्के, म्हणजे पेसरीचा काही फायदाच नाही. आणि २०१७ ला इटलीत ३०० जणींवर केला तर परत फायदा, ७.३ विरुद्ध १५.३. नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. म्हणाला हे आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं आहे.

शेवटी बसवायची ठरली. का ठरली विचाराल तर काहीतरी करतोय असं वाटावं म्हणून, खरं सांगते. नुसतं बसून राहणं सहन होत नव्हतं.

आता खरेदी. इथे माझी पहिली चूक. ऑनलाइन 'सिलिकॉन पेसरी' टाकलं, फोटो गोल, किंमत कमी, खाली रिव्ह्यू वाचले. एकीने लिहिलं होतं, मस्त प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी. अगं बाई, डिलिव्हरी फास्ट होऊ नये म्हणूनच तर घेतोय ना आपण! असो. दोन दिवसांत आली, मी खुश, सीलबंद डबा घेऊन ओपीडीत गेले, मॅडमनी डब्यावरचं चित्र बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. ती होती अंग बाहेर येतं त्याच्यासाठीची साधी रिंग, वयस्कर बायकांना बसवतात ती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे मॅम हा हायजीनचा आयटम आहे, रिटर्न नाही. मी म्हटलं सील तरी तोडलंय का मी? फोन कट. तेव्हा हे नीट लक्षात ठेवा, पेसरी म्हटलं की दहा प्रकार येतात, आपल्याला हवी ती घुमटाकार, भोकं भोकं असलेली, तळ काढून टाकलेल्या वाटीसारखी दिसणारी. आणि साइज डॉक्टरांकडून लिहून घ्या. माझ्या डब्यावर होतं खालचा व्यास ६५, वरचा ३२, उंची २५. नंतर सर्जिकलच्या दुकानातून सांगून मागवली, साडेपाच हजार पडली, दुकानदार काका तीनदा म्हणाले उघडली तर परत घेणार नाही हं ताई.

बसवताना भूल वगैरे काही नसते. मॅडमनी ती करंजीसारखी दुमडली, जेल लावलं, म्हणाल्या मोठा श्वास घे, आणि मी श्वास सोडेपर्यंत बसलीसुद्धा. आत गेल्यावर ती उघडते तेव्हा एक दाब जाणवतो, नको तिथे कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखा, दोन मिनिटांत तोही जातो. मग मला उठून चालायला लावलं, लघवीला जायला लावलं, होतेय का बघितलं, आणि जा घरी. रिक्षाने आले. खड्डे नेहमीचेच.

पुढे आत काही आहे असं जाणवतही नाही, हा प्लस पॉइंट. मायनस पॉइंट म्हणजे पांढरं जाणं. काय सांगू, रोज, भरपूर, पाण्यासारखं, त्यात रात्रीच्या कॅप्सूलचं तेलकट वेगळंच. हे बहुतेक जणींना होतं आणि इन्फेक्शन असेलच असं नाही असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, पण मला दर वेळी वाटायचं पाणीच गेलं. तीन वेळा धावत गेले. लायनरचे पुडे नवरा किराण्याच्या यादीत लिहायला लागला, साखर, चहा पावडर, लायनर.

आता विटा. आईने फोनवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गावाहून वडिलांना पाठवलं, पिशवीत चार विटा. नाशिकमध्ये विटा मिळत नाहीत बहुतेक. पलंगाच्या पायथ्याकडच्या बाजूला खाली लावायच्या, डोकं खाली पाय वर, म्हणजे बाळ खाली सरकत नाही. आईच्या वेळी मावशीला असंच तीन महिने ठेवलं होतं म्हणे. मी अकरा दिवस झोपले तशी. जेवण घशाशी यायचं, पहाटे डोकं जड, आणि मी हळूहळू उशीकडे घसरायचे ती वेगळीच. चेकअपला सांगितलं तर मॅडम म्हणाल्या काढ आधी त्या, सक्तीच्या बेडरेस्टने मुदतपूर्व डिलिव्हरी टळते असं काही सिद्ध झालेलं नाही, उलट सतत पडून राहून पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती असते, घरातल्या घरात चालत जा. आईला हे अजून पटलेलं नाही. त्या विटांवर आता तुळस आहे.

तेहेतिसाव्या आठवड्यात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, या वेळी खरंच पाणी गेलं. फरक कळतो हो, शंकाच राहत नाही. पाणी गेलं की पेसरी ठेवत नाहीत, कॅज्युअल्टीतच काढली, बसवण्यापेक्षा काढताना जास्त दुखलं, मी ओरडले, सिस्टर म्हणाल्या ताई हे काहीच नाही अजून. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्साची (स्टिरॉइडची) चार इंजेक्शनं, बारा बारा तासांनी. बाहेर मिरवणुकीचे ढोल वाजतायत आणि मी आत घड्याळ बघतेय, चौथं इंजेक्शन मिळेपर्यंत थांब रे बाबा. थांबला. तिसऱ्या दिवशी झाला, १ किलो ८५० ग्रॅम, अठरा दिवस एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), छातीशी धरून कांगारू केअर, आता तो शाळेत डबा सांडून येतो.

म्हणजे पेसरीने काम केलं का? इथेच गाडी अडते. सासूबाई म्हणतात पेसरीमुळे तेहेतिसापर्यंत तरी गेलं, नाहीतर चोविसाव्यालाच झालं असतं. नवरा म्हणतो पेसरी असूनही तेहेतिसाव्यालाच झालं. दोघंही बरोबर असू शकतात आणि मला तपासायला दुसरं पोट नाहीये. मिक्सर घेतला तर चटणी वाटून बघता येते, याचं काय वाटून बघणार? म्हणून मला ते पाच स्टारवाले 'माझं बाळ वाचलं' रिव्ह्यू वाचून आनंद होतो, पण माहिती काही मिळत नाही. ज्यांचं नाही वाचलं त्या रिव्ह्यू लिहायला येत नाहीत.

आणि मग २०२३ उजाडलं. मुलगा दहा-अकरा महिन्यांचा, मांडीवर झोपलेला, मी एका हाताने फोन बघतेय, तर अमेरिकेतला नवीन अभ्यास. २० एमएम किंवा कमी लांबीच्या ५४४ बायका, म्हणजे माझ्यासारख्याच. ३७ आठवड्यांच्या आत डिलिव्हरी किंवा पोटात बाळ दगावणं, पेसरीवाल्या ४५.५ टक्के, नेहमीची ट्रीटमेंटवाल्या ४५.६. शून्य फरक. एवढंच असतं तर ठीक, पण बाळ दगावण्याचं प्रमाण पेसरीत १३.३ आणि दुसऱ्या गटात ६.८, म्हणून अभ्यास मधेच थांबवला. मी फोन उलटा ठेवला आणि तो झोपलाय की नाही, श्वास चालू आहे की नाही बघत बसले, दुपारचे तीन ते पाच. मॅडमना मेसेज केला तेव्हा त्यांचा रिप्लाय एका ओळीचा, मी आता पोटात एकच बाळ असलेल्यांना बसवत नाही. हे आवडलं मला. आधी बसवायच्या आणि आता बसवत नाहीत, हे सरळ कबूल करणारे डॉक्टर किती असतात.

जुळ्यांसाठीही बसवतात काही ठिकाणी, पण तो माझा अनुभव नाही, त्यात मी पडत नाही.

दुसऱ्या वेळी, २०२४ ला, केस वेगळी होती कारण आता माझ्या नावावर आधीची तेहेतिसाव्या आठवड्याची डिलिव्हरी होती. सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आतून सोनोग्राफी, अठराव्याला २२ निघाली, आणि मॅडम म्हणाल्या टाका घालू. आधी लवकर डिलिव्हरी झालेली आणि परत तोंड आखूड होतंय, अशांना टाक्याचा फायदा होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. पहिल्या वेळी का नाही घातला हे मी विचारलंच, तर तेव्हा अशी हिस्टरी नव्हती म्हणून.

आणि हा टाका म्हणजे आपल्या घरचं प्रॉडक्ट बरं का! डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म गोव्यातल्या शिरोड्याचा, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रोफेसर, त्यांनी १९५५ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. तेव्हा त्यांनी मांडीतल्या स्नायूवरच्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती पिशवीच्या तोंडाभोवती बांधली होती, म्हणजे बाईचंच कापड बाईलाच. जगभर त्याला शिरोडकर स्टिच म्हणतात आणि मला ऑपरेशन थिएटरात जाईपर्यंत हे माहीत नव्हतं, भूल देणारे डॉक्टर गोव्याचे निघाले, त्यांनी सांगितलं, अभिमानाने. (मला घातला तो मात्र मॅकडोनाल्डचा, मेलबर्नच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये काढलेली सोपी पद्धत, बटव्याची नाडी ओढतात तसा.)

कमरेत भुलेचं इंजेक्शन, वीस मिनिटं, एक रात्र ॲडमिट, दोन दिवस थोडं लाल गेलं. धाग्यावरून डोकं खाऊ नका, मी खाल्लं होतं, जाड विणलेली टेप की बारीक एकपदरी धागा. इंग्लंडमध्ये दोन हजारांवर बायकांवर बघून झालंय, २०२२ ला छापून आलं, मूल गमावण्याचं प्रमाण एकात ८ टक्के, दुसऱ्यात ७.६, म्हणजे सारखंच. अर्धा स्टार कापला तो भुलेनंतरच्या डोकेदुखीचा, चार दिवस मान वर करता आली नाही.

सदतिसाव्या आठवड्यात ओपीडीतच टाका कापला, भुलेशिवाय, कच्चकन एकदा दुखलं. सगळ्यांना वाटलेलं आता बाळ रिक्षातच होणार, आई तर बॅग भरून दारात. काही नाही. अकरा दिवस वाट बघायला लावली लेकीने. ३ किलो.

हां, आणि ती ऑनलाइनवाली चुकीची रिंग. सीलबंदच होती, मी मॅडमकडे ठेवून आले होते. मागे ओपीडीत गेले तेव्हा त्यांनी सांगितलं, सिन्नरकडच्या एका आजींना साइज बरोबर बसली, आता त्या शेतात जातात. त्या रिंगला पाच स्टार.