गाडीतला साउंड माइकनं मोजून लावणं: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

आधी सेटअप. हॅचबॅक गाडी, कंपनीचाच टचस्क्रीन स्टिरिओ, त्याच्या स्पीकर वायरवरून हाय-लेव्हल इनपुट घेणारा डीएसपी अँप (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा अँप्लिफायर), पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट वूफर, ए-पिलरच्या (समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या) बुडाशी ट्विटर म्हणजे ट्रेबलचा छोटा स्पीकर, डिकीत सीलबंद पेटीत दहा इंची सब (सबवूफर, फक्त खालच्या बेसचा स्पीकर). मागचे स्पीकर बंद. मोजायला मिनीडीएसपीचा यूमिक-१ हा यूएसबी माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर.

माइक घेण्यासारखा आहे. मात्र ग्राफ पट्टीनं आखल्यासारखा करायचा म्हणून घेत असाल तर थांबा. इक्वलायझर (इक्यू, म्हणजे आवाजाचा एकेक पट्टा कमीजास्त करणारी सोय) कुठं लावून काहीच हाती लागणार नाही, हे तो पहिल्याच बैठकीत दाखवतो, आणि पैसे तिथंच वसूल होतात. फोनवरची ॲप्स या कामाला कमी पडतात. बऱ्याच फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचा बेस तो कापतो, शिवाय आवाज आपोआप कमीजास्त करतो. यूमिकच्या प्रत्येक नगाची सीरियल नंबरवरून स्वतंत्र कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकची स्वतःची चूक भरून काढणारी) डाउनलोड होते. अशा दोन फाइली मिळतात, शून्य अंशाची आणि ९० अंशांची. गाडीत माइक छताकडं तोंड करून धरायचा आणि ९० अंशांची फाइल लावायची. इथं शून्याची लावली तर वरचा ट्रेबल आहे त्यापेक्षा कमी दिसतो, माणूस ट्विटर वाढवत बसतो आणि मग हलगी कानात घुसते.

मोजण्याआधी स्टिरिओ साफ करून घ्यावा. बेस-ट्रेबल शून्य, लाउडनेस (कमी आवाजाला बेस-ट्रेबल आपोआप वाढवणारं सेटिंग) बंद, वेगाबरोबर आवाज वाढवणारं सेटिंग बंद. हे शेवटचं मेनूत कुठंतरी आत असतं आणि हमखास राहून जातं. अनेक कंपनी स्टिरिओ मोठ्या आवाजाला बेस स्वतःहून कापतात. त्यामुळं रोज ज्या आवाजाला ऐकता त्याच्या आसपासच मोजा. इंजिन आणि एसीचा ब्लोअर बंद, काचा वर, सीट गाडी चालवतानाच्या जागी. लॅपटॉप चार्जरवर ठेवू नका, ग्राउंड लूपची गुणगुण थेट सिस्टीममध्ये येते. बॅटरीवर साधा व्होल्टमीटर लावा. १२.६ वरून १२.२ व्होल्टवर आली की थांबा.

जागा शांत हवी, आणि कोल्हापूर शहरात ती सहज मिळत नाही. तावडे हॉटेल-उचगावच्या बाजूला हायवेवरच्या ट्रकांची घरघर ग्राफच्या खालच्या टोकाला ठळक दिसते. कळंब्याच्या बाजूला भल्या पहाटे बरं जमतं. पिंक नॉइज (मोजणीसाठी वाजवायचा, सगळे पट्टे असलेला खरखरीसारखा आवाज) बंद ठेवून एकदा नुसती शांतता मोजा. ती सिग्नलच्या किमान १५ ते २० डेसिबल खाली असली पाहिजे, विशेषतः १०० हर्ट्झच्या खाली.

पद्धत फिरत्या माइकची. आरईडब्ल्यूत आरटीए (कुठला पट्टा किती मोठा वाजतोय हे चालू दाखवणारा ग्राफ) उघडा, बारकावा १/४८ ऑक्टेव्ह (एक ऑक्टेव्ह म्हणजे हर्ट्झ दुप्पट), ॲव्हरेज ‘फॉरएव्हर’. पिरिऑडिक पिंक नॉइज वापरत असाल तर विंडो रेक्टँग्युलर ठेवा आणि नॉइजची लांबी आरटीएच्या सेटिंगमधल्या एफएफटी लांबीइतकीच घ्या. साधा पिंक नॉइज असेल तर हॅन. फाइल पेन ड्राइव्हवरून वाजवली तरी चालते. आवाज ८० ते ८५ डेसिबल. डोकं जिथं असतं तिथं, दोन्ही कानांच्या जागा धरून, माइक ३०-४० सेकंद सावकाश फिरवत राहा. एका ठिकाणी रोवलेला माइक वितभर सरकला की वरच्या पट्ट्यात वेगळाच ग्राफ देतो. त्या एका जागेला धरून केलेलं इक्यू डोकं वळवताच मोडतं.

प्रत्येक स्पीकर एकेकटा मोजा, बाकीचे म्यूट. ट्विटरला क्रॉसओव्हर (प्रत्येक स्पीकरला फक्त त्याचाच पट्टा देणारा फिल्टर) लावल्याशिवाय काहीही वाजवू नका, जळेल. इथले आकडे: सबला ८० हर्ट्झचा लो-पास (त्याच्या खालचंच जाऊ देणारा), दाराला ८० पासून ३ किलोहर्ट्झपर्यंत, वर ट्विटर, सगळे उतार दर ऑक्टेव्हला २४ डेसिबलचे. फिल्टर निवडताना १/६ ऑक्टेव्ह स्मूदिंग ठेवा. उंचवटे कापा. क्यू (जितका जास्त तितका फिल्टर अरुंद) ४-५ च्या वर नेऊ नका आणि ३ किलोहर्ट्झच्या पुढं फक्त रुंद, हलके हात मारा.

खड्ड्यांचं गणित वेगळं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराला ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान खोल खड्डा दिसणं अगदी नेहमीचं. सहा डेसिबल वाढवलं तर ग्राफही सहा डेसिबल वर येतो, त्यामुळं काम झाल्यासारखं वाटतं. पण तेवढ्यासाठी अँपला त्या पट्ट्यात चौपट पॉवर द्यावी लागते, वूफरचा पडदा हलण्याच्या मर्यादेवर जातो, आणि शेजारच्या सीटवर, जिथं हा खड्डाच नाही, तिथं तोच पट्टा धुमधुमतो. खड्डा सब आणि दार एकत्र वाजल्यावरच दिसत असेल तर इक्यूला हात लावायच्या आधी सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करून पुन्हा मोजा. ८० हर्ट्झच्या आसपास पातळी वाढली तर दोष फेजचा, म्हणजे दोघांच्या लहरी एकमेकींना मारत असल्याचा होता, आणि तो एका क्लिकमध्ये सुटला.

टाइम अलाइनमेंट म्हणजे जवळचे स्पीकर थोडे उशिरा (डिले देऊन) वाजवायचे, म्हणजे सगळ्यांचा आवाज कानापर्यंत एकदमच पोचतो. त्याची सुरुवात मेजरिंग टेपनं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४.३ सेंटिमीटर जातो. सब डोक्यापासून २१० सेंटिमीटर असेल तर त्याला शून्य, डावं दार १४० वर असेल तर २.०४ मिलिसेकंद, उजवं दार ९० वर असेल तर ३.५०. उन्हाळ्यात हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, पण हा फरक तीन-साडेतीन टक्क्यांचा आहे. त्यासाठी सेटिंग बदलणं म्हणजे हौस. दारं आणि ट्विटर टेपनं जवळजवळ बरोबर बसतात. सब बसत नाही. पेटी, फिल्टर आणि केबिन मिळून त्याची फेज फिरवतात, म्हणून त्याचा डिले अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदानं बदलत क्रॉसओव्हरची बेरीज सगळ्यात जास्त कुठं येते ते पाहा. फिरत्या माइकनं फेज कळत नाही. ती हवी असेल तर माइक एका जागी ठेवून, अकूस्टिक टायमिंग रेफरन्स (एका स्पीकरच्या आवाजावरून वेळ धरणारं आरईडब्ल्यूतलं सेटिंग) लावून स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्यावा लागतो.

टार्गेट, म्हणजे इक्यूनंतर ग्राफ जसा यायला हवा ती रेषा, सपाट ठेवलं तर गाडी फिकी वाजते. ६० हर्ट्झच्या खाली साधारण ९ डेसिबल वर, २०० पर्यंत उतरत शून्य, मग ३ किलोहर्ट्झपर्यंत सरळ, पुढं टोकाला ५ डेसिबल खाली, हे टिकलं. गणपतीतल्या डॉल्बीची सवय लागलेल्या कानांना पहिले काही दिवस बेस कमी वाटेल. ढोलकीचा धुमा आणि शाई वेगवेगळी ऐकू येऊ लागली की तक्रार थांबते. कागलकडं जाताना हायवेला टायरचा आवाज खालचा बेस गिळतो, तेवढ्यासाठी दुसऱ्या प्रीसेटमध्ये सब ३ डेसिबल जादा ठेवला आहे.

दारांचं काम आधी करा, इक्यू नंतर. बाहेरच्या आणि आतल्या पत्र्यावर ब्युटाइल डॅम्पिंग शीट, मोठी भोकं बंद, आणि स्पीकरखाली कंपनीच्या लवचीक प्लास्टिक ब्रॅकेटऐवजी घट्ट रिंग. साध्या एमडीएफची रिंग आपल्या पावसाळ्यात फुगते. उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची वळवून मिळते, फक्त स्पीकरचा कटआउट आणि दारावरच्या भोकांचं माप कागदावर काढून न्या. दाराच्या तळाला पाणी निघून जायची भोकं असतात, ती शीटखाली झाकू नका. गगनबावड्याच्या पावसातून एक फेरी झाली की झाकलेल्या दारात पाणी डुचमळतं आणि कनेक्टर हिरवे पडतात. खडखड शोधायला ४० ते २०० हर्ट्झचा सावकाश स्वीप लावून एकेका भागावर तळहात ठेवा. दोषी बहुधा नंबर प्लेट, लॉकची सळई किंवा मोकळा कपलर. फेल्टची टेप पुरते.

वापरात दोन गोष्टी खटकल्या. डीएसपीचं सॉफ्टवेअर उजवा-डावा इक्यू वेगळा दाखवतं पण दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवत नाही, त्यामुळं तुलना आरईडब्ल्यूतच करावी लागते. आणि आरईडब्ल्यूनं काढलेले फिल्टर यात थेट लोड होत नाहीत, एकेक आकडा हातानं भरावा लागतो. घेण्याआधी विक्रेत्याला हेच विचारा. बँड किती, यापेक्षा ते जास्त कामाचं आहे.

सर्व्हिसिंगला बॅटरी काढली की डीएसपीतलं सेटिंग शाबूत राहिलं, पण स्टिरिओनं लाउडनेस आणि वेगाचं सेटिंग परत चालू केलं. गाडी ताब्यात घेताना ते दोन मेनू आधी तपासा, आणि डीएसपीची फाइल तारीख टाकून लॅपटॉपवर ठेवा.