‘ख्रिसमस जॉलीज’ची एलपी: डिसेंबरात घरी डिस्को लावायचा असेल तर आधी ही घ्या

ख्रिसमसचा डिस्को म्हटलं की आपल्या लोकांना पहिल्यांदा बोनी एमच आठवतं, आणि त्यात काहीच चूक नाही, वांद्र्यापासून मडगावपर्यंत डिसेंबरात ‘मेरीज बॉय चाइल्ड’ वाजल्याशिवाय राहत नाही आणि मलाही ते गाणं मनापासून आवडतं. पण त्याच्या दोन वर्षं आधी, 1976 मध्ये, अमेरिकेत एक एलपी निघाली होती, सालसोल ऑर्केस्ट्राची ‘ख्रिसमस जॉलीज’, आणि माझ्या मते डिस्कोच्या चालीत सणाचं संगीत याहून भारी कोणी वाजवलेलं नाही. मी न्यू जर्सीत राहतो, फिलाडेल्फिया इथून गाडीने जवळच, त्यामुळे जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत ही एलपी हाताला लागते, आणि इथल्या आपल्या मंडळींना ती माहीतच नसते याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सालसोल ही न्यूयॉर्कची कंपनी, केअर भावांची. लॅटिन साल्सा आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचं सोल संगीत, ही दोन नावं एकत्र करून ठेवलेलं नाव. पण ऑर्केस्ट्रा न्यूयॉर्कचा नाही हं, तो फिलाडेल्फियाचा, आणि सगळी गंमत तिथेच आहे. तिथल्या सिग्मा साउंड स्टुडिओत 70 च्या दशकात जी वादक मंडळी रोज बसायची, म्हणजे ड्रमवर अर्ल यंग, बासवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, व्हायोलिनचा ताफा डॉन रेनाल्डोचा, तीच मंडळी व्हिन्सेंट मोंटानाने सालसोलसाठी गोळा केली. मोंटाना स्वतः व्हायब्राफोन वाजवायचा आणि सगळ्या ऑर्केस्ट्राची अरेंजमेंटही तोच करायचा. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठीने वाजवायचं वाद्य, खाली नळ्या आणि त्यात मोटरवर फिरणाऱ्या छोट्या चकत्या, त्यामुळे स्वर हलतो, थरथरतो, थोडा जलतरंगाच्या जवळचा गारवा येतो त्याला. ख्रिसमसच्या गाण्यांना घंटांचा जो आवाज लोक हमखास चिकटवतात त्यापेक्षा हे कितीतरी सुंदर लागतं.

आणि अर्ल यंग. डिस्कोचा ठेका म्हणून आज जे आपण ओळखतो, बास ड्रम चारही मात्रांवर आणि मधल्या जागांत उघडणाऱ्या हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमवरच्या झांजांच्या जोडीचा ‘त्स्स’, तो बसवण्यात या माणसाचा सगळ्यात मोठा वाटा, 1973 चं ‘द लव्ह आय लॉस्ट’ हे गाणं ऐकलंत तर लगेच कळेल. फिलाडेल्फियाच्या या मंडळींचा ठेका मशीनचा नाही, माणसाचा आहे, पुढे जातो, जरा श्वास घेतो, परत पकडतो. नंतर 70 च्या शेवटी शेवटी डिस्कोची लाट आली म्हणून कोणीही उठून जिंगल बेल्सखाली ठेका टाकून एलपी काढायला लागलं, तसल्या रेकॉर्ड अजूनही सेकंडहँड पेटीत ढिगाने असतात, पाच मिनिटांत कंटाळा येतो कारण ठेका आणि गाणं एकमेकांशी बोलतच नाहीत. इथे तसं होत नाही.

‘द लिटल ड्रमर बॉय’ वर सुई ठेवा आणि बघा. मूळ गाणं 1941 चं, कॅथरीन डेव्हिसचं, एका गरीब पोराच्या ढोलाचं गाणं, म्हणजे त्यात ठेका आधीपासून आहेच, बाहेरून आणावा लागत नाही. व्हायोलिन वर चढतात, ब्रास, म्हणजे ट्रम्पेट वगैरे पितळी वाद्यं, मध्ये उत्तर देतो, आणि कोरसचं ‘परम पम पम’ बासच्या जोडीने असं काही चालतं की बसून ऐकणं कठीण. ‘स्ले राइड’ पण तशीच. लिरॉय अँडरसनने ती मुळात ऑर्केस्ट्रासाठीच लिहिली होती, 1946 च्या जुलैतल्या उकाड्यात सुरू करून 1948 ला पुरी केली, त्यामुळे त्या चालीला व्हायोलिन-ब्रासचा एवढा मोठा ताफा शोभतो, ओढूनताणून वाटत नाही. ‘मेरी ख्रिसमस ऑल’ ही मात्र पारंपरिक चाल नाही, सोलच्या अंगाने जाणारं गोड गाणं आहे, रात्री पाहुणे पांगायला लागले की हे लावा.

मेडलीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ‘जॉय टू द वर्ल्ड’, ‘जिंगल बेल्स’ वगैरे ओळखीच्या चाली एकाच ठेक्यावर ओळीने येतात, पार्टीत उत्तम, कोणाला उठून रेकॉर्ड बदलावी लागत नाही, पण शांत बसून ऐकायला गेलं की एकेक चाल जेमतेम रंगते आणि पुढची येते. मोंटानाच्या अरेंजमेंटला जागा लागते आणि ती सुट्या गाण्यांत मिळते. न्यू इयर मेडली 31 तारखेसाठी ठेवा.

आता रेकॉर्डच घ्यायची का, स्ट्रीमिंगवर का नाही, तर हे संगीत ज्या काळात झालं तेव्हा ते रेकॉर्डवरच ऐकण्यासाठी मिक्स केलेलं होतं, आणि सालसोलवाल्यांना तर रेकॉर्डचं फारच वेड, दुकानात सर्वांना विकत मिळणारी पहिली 12 इंची सिंगल, म्हणजे एलपीएवढ्याच तबकडीवर एका बाजूला एकच गाणं, याच कंपनीने याच 1976 साली काढली, डबल एक्स्पोजर या ग्रुपची ‘टेन पर्सेंट’. रुंद खाच म्हणजे बास मोठा, हे त्यांना पक्कं कळलं होतं. एलपीवर मात्र 33⅓ च्या वेगात एका बाजूला बरंच काही बसवावं लागतं, त्यामुळे आवाज सिंगलपेक्षा थोडा दबका, आणि लेबलजवळच्या आतल्या खाचांत व्हायोलिनची धार जराशी फाटते. सुई नीट बसवलेली असेल तर फारसं जाणवत नाही, सुई झिजलेली असेल तर पहिल्यांदा इथेच कळेल.

जुनी कॉपी घेताना एक फायदा लक्षात ठेवा, सणाची रेकॉर्ड वर्षातून दोन-तीन आठवडेच वाजते, म्हणून खाचा सहसा कमी झिजलेल्या असतात. तोटा असा की ती वाजलेली असते पार्टीत, हातात ग्लास आणि बोटांना केक लागलेल्या लोकांनी हाताळलेली, म्हणून बोटांचे डाग आणि वरवरचे ओरखडे भरपूर. उजेडात तिरकी धरून बघा, नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडून द्या, बाकी डाग धुतल्यावर जातात. मला एका दुकानातून आलेली कॉपी चांगलीच कुरकुरत होती, डिस्टिल्ड पाणी आणि रेकॉर्डच्या लिक्विडने दोन्ही बाजू धुतल्या, नवीन अँटिस्टॅटिक पाकीट घातलं, आणि हाय-हॅट असा स्वच्छ सुटला की पूर्ण बाजू उभ्यानेच ऐकली.

इथे थंडीत हीटर लावला की हवा कोरडी होते आणि रेकॉर्डवर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, जमतं, मग धूळ चिकटते आणि टिक टिक सुरू, तेव्हा लावायच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवाच. पुण्या-मुंबईत ही अडचण कमी, तिकडे बुरशीकडे लक्ष द्या. पैशांचं म्हणाल तर ही काही दुर्मिळ रेकॉर्ड नाही, कोणी दुर्मिळ म्हणून अवाच्या सवा भाव सांगत असेल तर सरळ पुढच्या दुकानात जा. 1981 चा दुसरा भागही आहे, ‘ख्रिसमस जॉलीज 2’, पण आधी पहिलाच घ्या, आणि बोनी एमचा 1981 चा ख्रिसमस अल्बम घरात असेल तर तो त्यांची गायिका लिझ मिचेल हिच्या आवाजासाठी जपून ठेवा, नाचायला मात्र सालसोल.