हेडफोनच्या गाद्या सोलल्यात? कापडी खोळ, नवी जोडी की घरी शिवलेलं कव्हर

हेडफोन अजून ठणठणीत वाजतोय, फक्त गाद्यांचे काळे पापुद्रे गालाला, केसांना आणि शर्टाच्या कॉलरला चिकटतायत. अशा वेळी बरेचजण एकतर चिकटपट्टी गुंडाळून दिवस ढकलतात, नाहीतर सरळ नवा हेडफोन मागवतात. दोन्हीची गरज नसते. जुन्या गादीवर कापड चढवता येतं, तयार गाद्यांची जोडी विकत मिळते किंवा आवरण घरी शिवता येतं. खर्च तिन्हींचा वेगळा, आणि आवाजावर होणारा परिणामही वेगळा. हा दुसरा भाग दुकानदार सांगत नाही.

ठरवण्याआधी गादी अंगठ्याने दाबून सोडा. सोललेलं आवरण डोळ्यात भरतं, पण निर्णय घ्यायचा तो आतल्या फोमवरून. फोम लगेच फुगून वर आला तर तो शाबूत आहे. खळगा तसाच राहिला, किंवा हेडफोन घातल्यावर कानाची पाळी आतल्या जाळीला टेकायला लागली, तर फोम बसला. मग वर रेशीम चढवलंत तरी अर्ध्या तासात कान दुखणारच.

ते आवरण खरं चामडं नसतं. विणलेल्या पातळ कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. हवेतल्या ओलाव्याने त्या थरातले रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात. घाम आणि डोक्याचं तेल त्याला हातभार लावतात. म्हणून मुंबईत किंवा कोकणात गाद्या लवकर जातात, आणि कपाटात नुसता पडून राहिलेला हेडफोनही एक दिवस खपल्या टाकायला लागतो. थर असा आतूनच मेला असल्यामुळे वरून रंग फासणं किंवा पापुद्रे चिकटवत बसणं फुकट जातं. आज एक बसवला की उद्या शेजारचा सुटतो.

कापडी खोळ: जवळजवळ फुकट, पण बास (खालचे सूर) जातो

फोम चांगला असेल तर पहिला प्रयोग हाच. गादी निघत असेल तर आधी काढून घ्या, नाहीतर सगळा चुरा आतल्या जाळीत जाऊन बसतो. खाली वर्तमानपत्र पसरा आणि सुटलेले पापुद्रे जुन्या टूथब्रशने किंवा ओल्या फडक्याने घासून काढा. बारीक राहिलेले चिकटपट्टीने उचलले जातात. जुन्या टी-शर्टची बाही किंवा मोज्याचा घोट्यावरचा नळीसारखा भाग घ्या, गादीवर ताणून बसवा, एक कड मागे वळवा आणि दुसरी मधल्या भोकात खोचा. टी-शर्टच्या होजिअरी कापडाची कापलेली कड आपोआप गुंडाळली जाते, त्यामुळे दुमडून शिवायचीही गरज नाही. कान झाकून न घेता कानावर नुसते टेकणारे छोटे हेडफोन असतील तर कापडाचा गोल तुकडा आणि कडेला इलॅस्टिक, अशी टोपी पुरते. हे करायचं नसेल तर ताणणारी तयार कव्हरं साधारण २०० ते ४०० रुपयांत मिळतात.

आता तोटा. कापडातून हवा जाते. गुळगुळीत आवरण कानाभोवती हवा अडवून धरतं, आणि खालचे, घुमणारे सूर त्या कोंडलेल्या हवेवरच उभे असतात. आवरण पूर्ण सोलून नुसतं कापड ठेवलंत की तबल्याचा डग्गा पोकळ वाटायला लागतो. म्हणून गाणी ऐकायची असतील तर गादी उघडीनागडी करू नका. सुटलेलं तेवढं काढा, धरून असलेलं राहू द्या आणि त्यावर खोळ चढवा. खोळीत चुरा साठतो, तो आठवड्याला झटकायचा आणि खोळ धुवायची. मीटिंगा, ऑनलाइन क्लास, भाषणं, पॉडकास्ट यासाठी मात्र पूर्ण सोललेली गादीही बिनधास्त चालते, कारण बोलणं समजायला तेवढ्या खालच्या सुरांची गरज लागत नाही.

बाहेरचा आवाज दाबणारा, म्हणजे नॉइज कॅन्सलिंग असलेला हेडफोन असेल तर हा पर्याय सोडून द्या. ते सगळं तंत्र गादी कानाभोवती घट्ट बसण्यावर चालतं. फट राहिली की बसची घरघर आत येते आणि पैसे ज्यासाठी मोजले तेच जातं.

तयार जोडी: बहुतेकांनी हेच करावं

लोकप्रिय मॉडेलांच्या इतर कंपन्यांनी बनवलेल्या जोड्या साधारण ३०० ते १००० रुपयांत मिळतात. मूळ कंपनीच्या त्याहून बऱ्याच महाग. सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो यांच्या गाद्या खाचेत अडकवलेल्या असतात, ओढल्या की निघतात. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ सारख्यांच्या गाद्या प्लॅस्टिकच्या चापांवर बसतात. तिथे स्क्रूड्रायव्हर न खुपसता चपट्या प्लॅस्टिकने हळूच उचलायच्या. दुहेरी टेपने चिकटवलेल्या असतील तर हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ दिली की टेप सैल पडतो.

मॉडेलचं नाव सापडत नसेल तर माप घ्या, पण गादीचं नाही. गादी वापरून पसरलेली असते. ती काढून खालच्या प्लॅस्टिकच्या तबकडीचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. लंबगोल असेल तर लांबी-रुंदी दोन्ही. खाचेत बसणारी गादी चार-पाच मिलिमीटर लहान असली तर ताणून बसते, मोठी मात्र गळून पडते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधायला जाणार असाल तर हेडफोनच सोबत न्या. फोनवर ‘मोठ्या गोल गाद्या आहेत का’ विचारण्यात काही अर्थ नाही.

बसवताना बोटं दुखतात. नव्या गादीची मागची झालर एका बाजूला खाचेत अडकवा, आणि पुढे जुनं प्लॅस्टिकचं कार्ड झालरीखाली सरकवत गोल फिरवा. जुन्या गादीच्या तळाशी पातळ फोमची किंवा जाळीची चकती आहे का ते बघायला विसरू नका. नव्या जोडीत ती नसेल तर जुनी काढून लावा, नाहीतर आवाज कर्कश होतो.

गादी जितकी जाड तितकी आरामशीर, हे खरंच आहे. पण स्पीकर कानापासून लांब जातो आणि आवाजाची चव बदलते. मखमली गादीने कान कमी तापतो आणि ती खपल्या टाकत नाही. डीटी ७७० प्रोला कंपनीच मखमली गाद्या देते. जो हेडफोन मुळात रेक्झिनसारख्या गुळगुळीत गादीसाठी बनवलाय, त्याला मात्र मखमल लावली की बास उतरतो. स्वस्तातली गुळगुळीत जोडीही शेवटी त्याच पॉलियुरेथेनची असते, तेव्हा दोन-तीन पावसाळ्यांनी पुन्हा हेच करावं लागेल हे धरूनच घ्या.

घरी शिवणं: हौस असेल तरच

कुठल्याच मापाची जोडी मिळत नाही, मॉडेल बंद झालंय, तेव्हा याला अर्थ आहे. जुनं आवरण उसवून सपाट करा आणि त्यावरूनच कागदी माप काढा. सोफ्याचं रेक्झिन घेऊ नका. ते जाड असतं, छोट्या गोलावर वळताना चुण्या पडतात, आणि प्रत्येक चुणीतून हवा निसटते. पातळ, ताणणारं रेक्झिन हवं. फोम बसला असेल तर गादीवाल्याकडून दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा मऊ तुकडा मिळतो. भांडी घासायचा स्पंज कानाला टोचतो. शिंपी एवढ्या लहान गोलाला सहसा नाही म्हणतो. बॅगा किंवा सीट कव्हर शिवणारा जास्त उपयोगी. सामान शंभर-दीडशेचं, पण रविवारची दुपार त्यात जाते, आणि दोन्ही गाद्या सारख्या जमल्या नाहीत तर डावा-उजवा आवाज वेगळा येतो.

तिन्हीत एक पथ्य सारखंच: फेविक्विक लांब ठेवा. ते वाळून कडक होतं, कानाशी टोचतं, आणि सुती कापडावर सांडलं तर झटकन इतकं तापतं की बोट भाजू शकतं.

डोक्यावरच्या पट्टीचा मात्र एवढा विचार नको. तिचा आवाजाशी संबंध नाही, त्यामुळे चेनचं तयार कव्हर लावा नाहीतर मोजा चढवून टाका.

आणि वायरलेस हेडफोनच्या बिजागरीला चीर गेली असेल किंवा बॅटरी तासाभरात मान टाकत असेल, तर मूळ कंपनीच्या महागड्या गाद्या मागवू नका. टी-शर्टची बाही कापा आणि आहे तोवर वापरा.