पामीरची वाट: छापील मार्गदर्शिका की मोबाइलमधला नकाशा?

ताजिकिस्तानातील पामीर महामार्ग सोडून बार्तांग खोऱ्याच्या कच्च्या वाटेला मोटरसायकल घालायची असेल, तर छापील मार्गदर्शिकेपेक्षा मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या (कोणालाही सुधारता येणाऱ्या, स्वयंसेवकांनी घडवलेल्या) नकाशाला मी झुकते माप देईन. कारण दरडीने किंवा पुराने वाट मोडली, तर त्यात लगेच दुरुस्ती करता येते, पुस्तकाला मात्र नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. तरीही बर्फ वितळून दुपारनंतर ओढ्यांना पाणी चढते, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत, हे पडद्यावरची बारीक निळी रेघ सांगत नाही. चांगले पुस्तक सांगते. पामीर महामार्गावरच्या ४,६५५ मीटर उंचीच्या अक-बैताल खिंडीपूर्वी विरळ हवेची सवय कशी करावी, हेही पुस्तकातच नीट उलगडते. हा सारा भाग ज्या प्रांतात येतो, त्या गोर्नो-बदख्शानच्या प्रवेश-परवान्याचे नियम निघण्यापूर्वी वकिलातीकडूनच तपासून घ्यावेत.